परसातला बांध

लेक सकाळी उठली नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने कधी न जमणारं घर दुपारपर्यंत जमलं.

रोजचा शिरस्ता असा, की कंडक्टरीण पहिल्या बसवर निघताना लेकीला हाक मारायची, आजोबांना गरम पाणी दे म्हणायची आणि तिकिटांची पिशवी खांद्याला अडकवून उतारावरून धावत थांबा गाठायची. त्या दिवशी हाक मारली तर पोर हलली नाही. खांदा धरून हलवलं तर हात गादीवरून ओल्या कपड्यासारखा खाली लोंबला. गाल मात्र छान लाल होते. आजारी माणसाचा असा रंग नसतो म्हणून कंडक्टरणीने तेवढाच धीर धरला. दवाखान्यातल्या नर्सने नंतर सांगितलं, बाई, तो रंगच वाईट.

ड्रायव्हरने त्या फेरीला एकही प्रवासी घेतला नाही. थांब्याथांब्यावर लोक हात करत राहिले आणि बस त्यांच्या नाकासमोरून गेली, मागच्या सीटवर फक्त मायलेकी. दवाखान्यात पोरीच्या तोंडावर मुखवटा लावला, नळी जोडली, आणि बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडून विचारलं की शाळेला उशीर झाला का. तेव्हा कुठे कंडक्टरीण बाकावर टेकली. तोवर बसायचं असतं हेच ती विसरली होती.

नर्सने फार पाल्हाळ लावलं नाही. पोरीच्या रक्तात मुका चढलाय, म्हणाली. मुका म्हणजे जळत्या कोळशाचा गॅस. त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही, म्हणून खाणीतल्या माणसांनी त्याला हे नाव ठेवलेलं. संध्याकाळच्या बसने पोरीला घरी न्या, पण ती जिथे झोपते तिथे यापुढे मांजरसुद्धा झोपवू नका. आणि निघता निघता तिने विचारलं, परसातला तो बांध अजून आहे का तुमच्याकडे?

होता. तो बांध म्हणजे घरातली सगळ्यात अभिमानाची वस्तू.

कंपनीने डोंगर आतून पोखरला, कोळसा नेला आणि एक दिवस फाटकाला साखळी लावून चालती झाली. माणसं नेली नाहीत. माणसांना बाजारभाव नव्हता. उरलेल्या थराला आग लागली तीही कोणी विझवायला आलं नाही. ती जमिनीखालून धुमसत, कूर्मगतीने सरकत आली आणि शेवटी मुकादमाच्या घराखाली येऊन बसली. मुकादम म्हणजे कंडक्टरणीचा सासरा. वस्तीतल्या इतरांना त्या आगीची धास्ती होती, या घराला मात्र ती फळली. हिवाळ्यात घरांची सगळी रांग बर्फाखाली कुडकुडायची आणि यांच्या मागच्या खोलीची फरशी अनवाणी पायाला कोमट लागायची. मुकादमाचा जन्म खाणीत गेलेला, छातीत कोळशाची धूळ साठलेली. चार पावलं टाकली की भिंत धरावी लागे. गारठ्यात त्याचा श्वास अडकायचा, म्हणून खाट त्या कोमट खोलीत. रात्री उठून त्याला बसतं करायला कोणीतरी लागायचं. थोरला, म्हणजे कंडक्टरणीचा नवरा, रात्रपाळीला जायचा, बंद खाणीच्या फाटकावर, रिकाम्या डोंगराची राखण करायला. कंडक्टरीण पहाटे उठणारी. राहता राहिली लेक. म्हातारा खाटेवर, ती शेजारी फरशीवर गादी टाकून.

काही हिवाळ्यांपूर्वी परसात भेग पडली आणि तिच्यातून धूर यायला लागला. मुकादमाने खाटेवरूनच हुकूम सोडला, बांध घाला. खाणीत आग लागली की हेच करायचं. वाटेचं तोंड विटामातीने लिंपायचं, हवा तोडायची, आग उपाशी मरते. थोरल्याने आणि नणंदेच्या नवऱ्याने भेगेवर विटा रचल्या, चिकणमाती थापली, आणि पुढे दर थंडीच्या तोंडाला नवा थर देत गेले. पाहणीला आलेला सरकारी ऑफिसचा माणूस म्हणाला होता, भेग उघडी ठेवा आणि घर सोडा. गॅसला बाहेरची वाट ठेवली नाहीत तर तो घरातून वाट काढेल. त्याला चहा पाजला आणि तो उतारावर दिसेनासा होईपर्यंत सगळे त्याला हसले. खाणीत पाऊल न टाकलेला माणूस मुकादमाला आग शिकवतो. खाणीत बांधाच्या आत कोणी राहत नसतं, इथे बांधाच्या आत आपलंच बिऱ्हाड आहे, एवढी साधी गोष्ट खाणीत हाडं झिजवलेल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरली नाही. कंडक्टरणीच्याही नाही. तीही हसली होती. त्याच हिवाळ्यात लेकीचं डोकं दुखायला लागलं, आणि घराने ठरवलं की पोरीला चष्मा लागणार.

*

दुपारी सगळे मागच्या खोलीत जमले. खिडक्या सताड, दार सताड, आणि सगळे कोट-मफलरात, बसची वाट बघत असल्यासारखे. मुकादम पांघरुणं गळ्यापर्यंत ओढून खाटेवर बसला होता आणि खिडक्या लावा म्हणत होता. खिडक्या कोणी लावत नव्हतं. या घरात त्याचा शब्द पहिल्यांदाच हवेत राहिला.

नणंदेचा नवरा वायरमन. रांगेच्या शेवटच्या घरात राहायचा. सासरी हा माणूस तोंड फक्त चहासाठी उघडतो असं नणंद स्वतःच सांगायची. त्याने नर्सकडून मुठीत मावेल एवढं एक यंत्र आणलं होतं, ते खोलीभर फिरवलं. यंत्राला सासुरवाडीची भीड नव्हती. खिडक्या उघड्या असूनही खाटेखाली नेल्याबरोबर ते ओरडायला लागलं, आणि पूर्वेच्या भिंतीशी नेलं तेव्हा तर गप्प बसेना. पूर्वेच्या भिंतीपलीकडे काकूचं, म्हणजे मुकादमाच्या भावजयीचं घर. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि सगळ्यांनी नजरा काढून घेतल्या. मुकादम म्हणाला, बंद करा ते भुंकणं.

मग बोलाचाली सुरू झाली. धाकटा खालच्या शहरात रंगकाम करायचा. हातातलं काम टाकून आला होता, नखांत निळा रंग तसाच. त्याने घर सोडायची भाषा काढली. खाली ऑफिसने क्वार्टर बांधलेत, अट एकच, घरातलं प्रत्येक माणूस बाहेर पडलं पाहिजे आणि किल्ली हातात दिली पाहिजे. एक जण जरी अडून बसला तरी कोणालाच काही नाही. तेव्हा बाबांनी हट्ट सोडावा. हे तो फार कळवळून म्हणाला. कळवळ्यातला अर्धा भाग लेकीसाठी होता हे कंडक्टरणीला मान्य होतं. उरलेला अर्धा असा, की क्वार्टर मिळालं नाही तर म्हाताऱ्याची खाट एक दिवस त्याच्या दोन खोल्यांत येणार.

नणंद उसळली. तू सगळ्यात आधी पळालास, आता इतरांना पळायला शिकवतोस, म्हणाली. तिचं दुखणं वेगळं होतं. रांगेत दिवा लागणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. हे घर उठलं की ऑफिस पाणी तोडणार, बसचा थांबा खाली नेणार, आणि ती आणि तिचा मुखदुर्बळ नवरा डोंगरावर भुतासारखे राहणार. हे ती बोलली नाही. बोलली ते असं, की बाबांना या वयात हलवणं म्हणजे मारणं, आणि पोरीचं काय, पोरीला माझ्याकडे झोपवा. मग रात्री बाबांना उठवायला कोण, असं धाकट्याने विचारल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिलं.

कंडक्टरीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बसमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून तिला एक कळलं होतं. पुढे सरका, पुढे सरका म्हणून जो मोठ्याने ओरडतो, त्याला स्वतःला दारातच उभं राहायचं असतं.

ती वाट बघत होती ती थोरल्याची. तो रात्रपाळी करून आलेला, दवाखान्यात जाऊन आलेला, डोळे निखाऱ्यासारखे. पोरीच्या तोंडावर मुखवटा बघून तो दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडला होता, हे तिने पाहिलं होतं. आता तो म्हणाला, मी रात्रपाळी सोडतो, बाबांजवळ मीच झोपतो, खिडकी थोडी उघडी ठेवू. मुकादम म्हणाला, खिडकीची गरज नाही. बांध कुठेतरी फुटलाय. त्याच्यावर नवा थर द्या, आणि इथे फरशीच्या सांध्यांतही चिकणमाती भरा. आज हात लावलात तर रात्रीपर्यंत होईल.

आणि थोरल्याने मान हलवली. म्हणाला, माती आहे मागे, भिजवतो.

हे ऐकून कंडक्टरणीच्या डोक्यात जे काही इतका वेळ ताणून धरलं होतं ते तुटलं. ओरडावं असं तिला वाटलंच नाही. तिकीट मागावं तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "बांधावर नवा थर द्यायचा नाही. बांध फोडायचा."

काय बोलतेस कळतं का, असं थोरल्याने विचारलं. तिला कळत होतं. आग उपाशी होती म्हणून ती एवढे दिवस नुसती ऊब देत होती. भेग उघडली तर मुका बाहेर जाईल, पण हवा आत जाईल. आग जागी होईल, खालचा उरलासुरला कोळसा खाईल, आणि मग वरच्या घराला खालून धरायला काही उरणार नाही. उन्हाळा येईतो इथे खड्डा असेल. म्हणजे बांध फोडायचा याचा अर्थ घर सोडायचं, आणि तेही परतीची वाट न ठेवता. बांध ठेवायचा याचा अर्थ या खोलीत कोणीतरी झोपायचं आणि कोणीतरी सकाळी उठायचं नाही.

धाकट्याने मोकळा श्वास सोडला आणि वहिनीच्या बाजूला येऊन उभा राहिला. नणंदेने त्याच्याकडे असं पाहिलं की दूध नासावं.

मुकादमाला खोकल्याची उबळ आली. ती बसेपर्यंत सगळे थांबले. त्या घरातलं प्रत्येक भांडण त्याच्या खोकल्यासाठी थांबायचं. मग तो म्हणाला, "बंद केलेलं तोंड उघडायचं नसतं."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कारण हे वाक्य या घरात आधी बोललं गेलं होतं.

पोरं लहान असतानाची गोष्ट. खाणीच्या चौथ्या पातळीला आग लागली. पाळीवरची माणसं वर आली, मुकादमाचा मोठा भाऊ आला नाही. वाट बघण्याइतका वेळ नव्हता. खालून दुसरी पाळी वर चढत होती, आणि आग तिच्या वाटेवर पोचणार होती. मुकादमाने बांध घालायला सांगितलं. घातला. दुसरी पाळी वाचली. मोठा भाऊ बांधाच्या आत राहिला, तो आजही आतच आहे. कोणी म्हणे तो आधीच गेला होता, कोणी म्हणे आतून ठोकल्याचा आवाज येत होता. त्याच्या बायकोने, म्हणजे काकूने, मुकादमाला पाय धरून विनवलं होतं की एकदा उघडून बघा. तेव्हा तो हेच म्हणाला होता. त्यानंतर एका घराची दोन घरं झाली, मधे भिंत आली, आणि दीर-भावजय एकमेकांशी शब्द बोलले नाहीत.

आज ते वाक्य भिंतीला ऐकू गेलं असावं. कारण थोड्याच वेळात परसाच्या बाजूने काकू आली.

तिने येताना आपलं स्टूल आणलं होतं. या घरात मला बसायला कोण देणार, म्हणून बसणं बरोबर आणलंय, असं तिने कोणाकडेही न बघता सांगितलं आणि खोलीच्या मधोमध स्टूल ठेवून त्यावर बसली. वाळकी, ताठ, दोन शाली एकावर एक. वायरमनने उठून तिला नमस्कार केला. नणंदेला वाटलं आता म्हातारी जुनं उकरणार. धाकट्याला वाटलं आपल्या बाजूला एक माणूस वाढलं. कंडक्टरणीलाही तसंच वाटलं. मुकादमाचा सूड घ्यायला याहून चांगला दिवस काकूला पुन्हा मिळणार नव्हता.

काकू म्हणाली, "माझ्या भिंतीतून काय येतं ते मला केव्हापासून ठाऊक आहे. मी खिडकी उघडी टाकून झोपते. थंडीने कोणी मरत नाही, मी मेले नाही. तो बांध उघडायचा नाही."

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं.

"या भेगेची वाट खाली कुठे जाते, विचारा भाऊजींना," काकू पुढे म्हणाली. भाऊजी हा शब्द तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघाला की तो उच्चारताना तिची जीभ अडखळली. "विचारायला नको. मीच सांगते. चौथ्या पातळीला जाते. वारा मिळाला की आग तिथवर जाणार. माझं माणूस आहे तिथे. मला तेव्हा ते मिळालं नाही. निदान आहे तसं राहू दे."

मुकादमाने होकारार्थी मान हलवली. दीर आणि भावजय, ज्यांनी एकमेकांना एवढी वर्षं पाण्यात पाहिलं, ते एका बाजूला झाले. नणंद त्या बाजूला होतीच. थोरल्याने ओल्या मातीकडे बघावं तसं जमिनीकडे पाहिलं. धाकटा कंडक्टरणीपासून सावकाश अर्धा पाऊल सरकला. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो, हा त्याचा जन्मजात स्वभाव. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, लहानपणापासून या घरात मधे सापडलेल्याला दोन्हीकडून बसायची.

कंडक्टरीण एकटी उरली. तिला काकूचा आदर होता. या घरात ती लग्न करून आली तेव्हा तिच्याशी पहिलं सरळ बोललेलं माणूस काकूच, तेही भिंतीपलीकडून. पण तिला सकाळचा तो ओल्या कपड्यासारखा हात दिसत होता, आणि संध्याकाळची बस दिसत होती.

"काकू," ती म्हणाली, "तुमचं माणूस मेलंय. माझी पोर जिवंत आहे."

नणंद म्हणाली, वहिनी, जीभ आवर. वायरमन प्रथमच बायकोला म्हणाला, तू गप्प. काकूने हात वर केला आणि दोघंही गप्प झाली.

काकूने विचारलं, कशी आहे ती. कंडक्टरणीने सांगितलं, डोळे उघडले, शाळेला उशीर झाला का म्हणाली. काकूने हे ऐकलं आणि शालीची कड बोटाला गुंडाळत बसली. दोन घरांमधलं वैर त्या पोरीने कधी पाळलं नव्हतं. शाळेतून येताना ती आधी काकूच्या खिडकीशी थांबायची, दिवसभराच्या कुचाळक्या सांगायची, आणि मग स्वतःच्या घरात शिरायची. मुकादमाला हे माहीत होतं. माहीत नसल्याचं सोंग तो इमानाने वठवत असे.

"सकाळी तू तिला हाक मारतेस," काकू म्हणाली. "भिंतीतून येते मला. मग ती ओ देते. ती ओ आली की मी उठते, रोज. आज तुझी हाक आली. एकदा आली, दोनदा आली. ओ आली नाही. मी तशीच पडून राहिले." ती थांबली. "मला वाटलं, पुन्हा तेच."

मग ती कंडक्टरणीला म्हणाली, "उघड."

*

आता राहिला एकटा मुकादम.

मी जिवंत असेपर्यंत नाही, असं त्याने सांगितलं. थोरल्याने, धाकट्याने, शेवटी नणंदेनेसुद्धा त्याला समजावलं. नणंद तर रडली. बाबा, माझ्याकडे चला, मी उठवेन रात्री, म्हणाली, आणि त्या क्षणी ते खरंही होतं. तो प्रत्येकाला एकच उत्तर देत होता. तुम्हाला आग कळत नाही. उघडलेला बांध माणसं खातो. मी पाहिलंय, तुम्ही नाही. ऊब, छाती, श्वास, यातलं एक कारण त्याने दिलं नाही. आणि तेवढ्यावरून कंडक्टरणीला लख्ख कळलं की हा माणूस कोमट फरशीसाठी भांडत नाही. खाणीत बंद केलेलं तोंड उघडायचं नसतं, हा एक नियम त्याने आयुष्यभर छातीशी धरलेला. तो नियम कधीही, कुठेही मोडता येतो असं एकदा ठरलं, की मग तेव्हाही मोडता आला असता. मग उरलेल्या दिवसांत त्याने काय छातीशी धरायचं? म्हणून नातीपेक्षा बांध मोठा झाला होता. हे त्याला स्वतःला ठाऊक नसावं. या डोंगरातल्या पुरुषांना जमिनीखालचं सगळं ठाऊक असतं, आपल्या आतलं काही नसतं.

तिला त्याचा राग आला, आणि तो राग कीव बनून विझू नये म्हणून ती लवकर बोलली.

"मामंजी, तेव्हा तुम्ही केलंत ते बरोबर होतं. त्यामुळे माणसं वाचली. सगळी वस्ती सांगते, काकूसुद्धा जाणतात. आज करताय ते चूक आहे. दोन्ही बांध एकाच माणसाने घातले म्हणून ते एक होत नाहीत. हा मी फोडला तर तो फुटत नाही."

मुकादमाने तोंड भिंतीकडे केलं.

ती परसात गेली. कोपऱ्यात खाणीच्या वेळची पहार होती, तिने ती उचलली. थोरला मागून आला आणि बांधाच्या आणि तिच्या मधे उभा राहिला. अडवायला आला होता की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. सवयीने आला होता. बाबांनी सांगेपर्यंत थांब, म्हणाला.

"तुमच्या बाबांनी सांगेपर्यंत मी लग्न करून आल्यापासून थांबलेय," ती म्हणाली. "संध्याकाळच्या बसने पोर येईल. ती उतरेल तेव्हा हा बांध असेल तर मी तिला उतरवणार नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत नेईन आणि तिथेच राहीन. तुम्ही माती भिजवत बसा."

तो बाजूला झाला. लगेच झाला नाही, पण झाला.

तिने पहार उचलून पहिला घाव घातला. चिकणमातीचे वर्षावर्षांचे थर दगडासारखे वाळलेले. पहार टणकन उडाली आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणले. दुसऱ्या घावाला ढलपी निघाली. तिने खाली वाकून ढलपीच्या फटीत पहारेचं टोक घातलं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"वाकू नकोस."

मुकादम खिडकीत होता. खाटेवरून खिडकीपर्यंत तो कोणाला न धरता आला होता. चौकटीला दोन्ही हातांनी लटकून उभा होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एकेक वाक्य सुटं करून तो बोलला.

"वारा पाठीवर घे. तिकडून नको, इकडून ये. तोंड लांब ठेव." श्वास. "वरची वीट आधी. खालची काढलीस तर सगळं एकदम अंगावर येईल." श्वास. मग थोरल्याकडे बघून, "बायकोच्या हातात पहार देऊन बघत काय उभा राहिलास?"

थोरल्याने पहार घेतली. बापाने सांगितलं तसा वारा पाठीवर घेऊन उभा राहिला आणि वरची वीट उखडली. मग धाकटा आला, त्याने कोट काढून फेकला. वायरमन यंत्र हातात धरून दूर उभा राहिला आणि ते वाजलं की दोघांना मागे ओढत राहिला. विटेमागून वीट निघाली. शेवटी मधली विटांची ओळ आपोआप आत गेली, बराच वेळ खाली पडत गेल्याचा आवाज आला, आणि भेगेतून गरम, जड, कुबट श्वास वर आला. धूर असा फारसा नव्हताच. हवा तेवढी थरथरताना दिसत होती, तिच्यापलीकडचं कुंपण वाकडंतिकडं होत होतं. मग फट मोठी झाली, आणि बाहेरचा वारा तिच्या कडेने आत शिरतानाची बारीक शीळ सगळ्यांनी ऐकली. आग श्वास घ्यायला लागली होती.

आता खोलीत कोणी थांबायचं नाही, म्हणून मुकादमाला दोघा मुलांनी खुर्चीवर बसवून बाहेर आणलं आणि कुंपणाशी, वाऱ्याच्या बाजूला ठेवलं. नणंदेने त्याच्यावर होती नव्हती ती पांघरुणं घातली. काकू त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. दोघं भेगेकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

"जाईल तिथवर?" काकूने विचारलं.

मुकादम खोटं बोलू शकला असता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटलं की त्याने बोलावं.

"जाईल, वहिनी."

काकूने मान हलवली. मग, कोणाला उद्देशून नव्हे असं, ती म्हणाली, "खाली फार गारठा असतो म्हणायचे ते. घरी आले तरी पाय गरम व्हायचे नाहीत त्यांचे. रात्ररात्र व्हायचे नाहीत."

नणंद भानावर आली आणि मोजदाद करायला लागली, तिच्या दोन खोल्यांत कोण कुठे मावेल. बाबा स्वयंपाकघरात चुलीशी, काकू आणि पोर आतल्या खोलीत, पुरुष जमिनीवर, जागा झाली नाही तर वायरमन माळ्यावर. वायरमनने मुकाट्याने माळा कबूल केला. धाकटा म्हणाला, मी उद्या ऑफिसात जाऊन क्वार्टरचं विचारतो. काकूच्या नावाचंही विचार, असं थोरल्याने सांगितलं, आणि सगळे जण मुकादमाकडे बघत थांबले. त्या घरात अजूनही शेवटचा शब्द त्याचा होता, आणि प्रत्येक माणूस बाहेर पडलं पाहिजे यातला एक माणूस अजून बोलला नव्हता.

कंडक्टरणीने पिशवी खांद्याला अडकवली. तिला बस गाठायची होती.

मुकादमाने श्वास जमवला. तो जमायला वेळ लागला, गारठा होता.

"बघत काय बसलात," तो म्हणाला. "माझी खाट उचला."